पाचामुखी परमेश्वर केव्हा बोलतो? गटाने विचार करण्याची आणि मिळून काम करण्याची रीत, पायरीपायरीने

"कुणाची काही हरकत?" असं विचारून मी खोलीभर नजर फिरवली. आठ माणसं होती. कुणी वहीत बघत होतं, कुणी पेनाला टोपण लावत होतं. मी तीन-चार सेकंद थांबलो आणि ठराव एकमताने मंजूर झाल्याचं लिहून घेतलं. दोन महिन्यांत ते काम कोसळलं. नंतर एकेकाशी बोलताना कळलं, की आठांपैकी तिघांना हा बेत फसणार हे त्याच दिवशी दिसत होतं. तिघांनाही वाटलं होतं, की शंका फक्त आपल्यालाच आहे. बाकीचे इतके निवांत बसलेत म्हणजे आपल्यालाच काहीतरी समजलेलं नसणार. तिघं एकमेकांना खेटून बसले होते आणि तरी प्रत्येक जण एकटा होता.

ती चूक त्यांच्या माथी मारणं सोपं होतं. पण प्रश्न मी विचारला होता, तोही उत्तर "नाही" असंच येईल अशा बेताने, आणि उत्तरासाठी चार सेकंद दिले होते. तेव्हापासून बैठका चालवताना मी माणसांपेक्षा क्रमाकडे जास्त लक्ष देतो: आधी कोण बोलतं, कोण लिहितं, कुणाला काय माहीत आहे, कामापुढे कुणाचं नाव लागतं. पाचामुखी परमेश्वर ही म्हण मला मनापासून पटते, पण तिच्यात एक अट दडलेली आहे. त्या पाचांनी आपापल्या डोळ्यांनी पाहिलेलं असलं पाहिजे. एकाने पाहिलं आणि चौघांनी त्याची री ओढली, तर मुखं पाच असूनही मत एकच राहतं.

पुढच्या पायऱ्या समिती, कार्यालयातला चमू, मंडळ, सोसायटी, अभ्यासगट, कुठेही लागू पडतात. सगळ्या एकदम वापरू नका. दुसरी आणि सातवी आधी करून बघा.

सुरुवातीला एवढं समजून घ्या

१९५० च्या दशकात सॉलोमन ॲश या मानसशास्त्रज्ञाने अगदी साधा प्रयोग केला. एका कार्डावर एक रेघ, दुसऱ्यावर तीन रेघा; तिन्हींपैकी कोणती पहिलीएवढी लांब, ते मोठ्याने सांगायचं. एकट्याने सांगताना माणसं जवळजवळ कधीच चुकत नव्हती. मग खऱ्या सहभागी माणसाला अशा गटात बसवलं, जिथे बाकीचे सगळे ॲशचेच लोक होते आणि ठरवून चुकीचं उत्तर देत होते. त्या चुकीच्या फेऱ्यांत सरासरी एकतृतीयांशाहून थोडी अधिक उत्तरं गटाच्या बाजूने गेली. सुमारे तीनचतुर्थांश माणसं निदान एकदा तरी वाकली. डोळ्यांसमोरच्या रेघेबाबत ही गत, तर पुढच्या वर्षाचं अंदाजपत्रक किंवा एखाद्या उमेदवाराची पात्रता अशा धूसर गोष्टींत काय होत असेल?

माणूस गटासारखं बोलतो त्याची कारणं दोन, आणि ती वेगळी ठेवायला हवीत. पहिलं: इतकी माणसं म्हणतायत तर त्यांना काहीतरी माहीत असेल. दुसरं: वेगळं बोललो तर मी यांच्यातला राहणार नाही. पहिल्यात माणसाचं मत खरोखर बदलतं. दुसऱ्यात तो फक्त मान डोलावतो आणि घरी जाताना मनातलं मत मनातच घेऊन जातो. मॉर्टन डॉइच आणि हॅरॉल्ड जेरार्ड यांनी १९५५ मध्ये हा भेद नीट मांडला. उपाय निवडताना तो उपयोगी पडतो: पहिल्या कारणावर माहिती हा उतारा आहे, दुसऱ्यावर सुरक्षितता.

पायरी १ : या प्रश्नाला गट हवा का, ते ठरवा

बैठक बोलावण्याआधी स्वतःला विचारा, हा प्रश्न कोणत्या जातीचा आहे.

अंदाजाचा असेल (किती वेळ लागेल, किती खर्च येईल, किती लोक येतील), तर अनेक डोकी हवीत पण चर्चा जवळपास नको. फ्रान्सिस गॉल्टनने १९०७ मध्ये प्रसिद्ध केलेलं उदाहरण याबाबतीत अजून जुनं झालेलं नाही. एका जत्रेतल्या स्पर्धेत लोकांनी बैलाच्या वजनाचे अंदाज चिठ्ठ्यांवर लिहिले होते. ७८७ चिठ्ठ्यांमधला मधला अंदाज १,२०७ पौंड निघाला आणि खरं वजन १,१९८ पौंड होतं. प्रत्येकाने आपापली चिठ्ठी लिहिली होती, हे यातलं मर्म.

माहिती वाटून गेलेली असेल, म्हणजे एकाला पैशाचं माहीत, दुसऱ्याला माणसांचं, तिसऱ्याला कायद्याचं, तर चर्चा हवीच, आणि ती नीट चालवायला हवी. चौथ्या पायरीत त्याबद्दल बोलू.

एकाच जाणकाराला उत्तर ठाऊक असेल, तर त्यालाच विचारा आणि बाकीच्यांचा तास वाचवा. निर्णय आधीच झालेला असेल, तर तो कळवा. झालेल्या निर्णयावर "तुमचं मत काय" असं विचारणं ही फसवणूक आहे, आणि लोक ती एकदाच सहन करतात; पुढच्या वेळी खरोखर मत हवं असतं तेव्हा ते मिठाची गुळणी धरून बसतात.

आकाराचं गणित: पाच माणसांत दोघादोघांच्या जोड्या १० होतात, दहा माणसांत ४५. प्रत्येक जोडी म्हणजे एक समजुतीचा किंवा गैरसमजाचा धागा. ठरवायला पाच ते सात माणसं पुरे, असा माझा अनुभव. बाकीच्यांकडून आधी लेखी मत घ्या.

पायरी २ : आधी लिहा, मग बोला

या लेखातली एकच गोष्ट तुम्ही उचलणार असाल, तर ही उचला.

चर्चा सुरू होण्याआधी प्रत्येकाने स्वतःचं मत आणि त्याचं एक कारण कागदावर लिहायचं. दोन ते पाच मिनिटं, शांतपणे. शक्यतो आदल्या दिवशीच पाठवून द्यायचं. मग सगळे कागद एकदम उघडायचे.

ॲशच्याच प्रयोगात सहभागी माणसाला उत्तर मोठ्याने सांगण्याऐवजी गुपचूप लिहायला सांगितलं, तेव्हा गटामागे जाण्याचं प्रमाण खूपच खाली आलं. रेघा त्याच, माणसं तीच. तोंडाऐवजी पेन आलं, इतकाच फरक. उलट बाजूचा पुरावा २०११ मध्ये झ्युरिचच्या संशोधकांनी दिला. १४४ विद्यार्थ्यांना आकडेवारीचे प्रश्न विचारून एकमेकांचे अंदाज दाखवत गेल्यावर सगळ्यांचे अंदाज एकमेकांजवळ सरकले. ते अधिक अचूक मात्र झाले नाहीत. आणि लोकांचा स्वतःच्या उत्तरावरचा विश्वास वाढला. मला यातलं हे शेवटचं सगळ्यात धोक्याचं वाटतं. एकमत झालेला गट चुकीचाही असू शकतो, आणि तो सर्वांत निर्धास्त असतो.

नव्या कल्पना हव्या असतील तेव्हाही हीच रीत. गोल बसून मोठमोठ्याने सुचवत जाण्याची पद्धत ॲलेक्स ऑस्बॉर्न यांनी लोकप्रिय केली, पण १९५८ मधल्या येल विद्यापीठातल्या प्रयोगापासून पुन्हा पुन्हा आढळलं आहे, की तितकीच माणसं वेगवेगळी बसवून त्यांच्या याद्या एकत्र केल्या तर कल्पना जास्त निघतात. मिखाएल डील आणि वोल्फगांग श्ट्रोएब यांनी १९८७ मध्ये याचं मुख्य कारण शोधलं: एका वेळी एकच जण बोलू शकतो. आपली पाळी येईपर्यंत माणूस आपली कल्पना धरून बसतो, विसरतो, किंवा "हे तर झालंच" म्हणून सोडून देतो. म्हणून यादी एकेकट्याने करा. जोडणी, छाटणी, एकाच्या कल्पनेवर दुसऱ्याची, हे सगळं मिळून करा.

प्रत्यक्षात करताना तीन गोष्टी सांभाळा. कागदावर नाव असावं की नसावं, ते विषयावर ठरवा: तांत्रिक प्रश्नाला नाव हवं, कारण नंतर विचारता येतं, वरिष्ठांच्या कामाबद्दल मत हवं असेल तर नाव नको. लिहिताना कुणी "म्हणजे आपण सगळे मान्यच करतोय ना" असं पुटपुटलं, तर त्याला नम्रपणे थांबवा. आणि कागद गोळा झाल्यावर ते खरोखर वाचा. न वाचलेल्या कागदांचा ढीग लोकांच्या लक्षात राहतो.

पायरी ३ : बोलण्याचा क्रम उलटा करा

सर्वांत कनिष्ठ आधी, प्रमुख शेवटी. ही काही नवी युक्ती नव्हे. प्राचीन ज्यू न्यायसभेत देहदंडाच्या खटल्यात मतं सांगायची सुरुवात कडेला बसलेल्या कनिष्ठ न्यायाधीशांपासून होत असे, ज्येष्ठाचं मत ऐकून त्यांनी आपलं बदलू नये म्हणून.

प्रमुख आधी बोलला की काय होतं, त्याचं सर्वांत चर्चिलेलं उदाहरण एप्रिल १९६१ चं. क्यूबातल्या 'बे ऑफ पिग्ज'वर सुमारे १,४०० सशस्त्र क्यूबन निर्वासितांना उतरवून तिथली सत्ता उलथवण्याच्या बेताला राष्ट्राध्यक्ष केनेडींच्या सल्लागारांनी संमती दिली. बेत काही दिवसांत पूर्ण फसला. त्या खोलीत बुद्धिमान माणसांची वाण नव्हती. सल्लागार आर्थर श्लेसिंजर यांना गंभीर शंका होत्या, पण बैठकांत आपण गप्प राहिलो याची खंत त्यांनी पुढे स्वतः लिहून ठेवली. आयर्विंग जॅनिस यांनी १९७२ मध्ये अशा निर्णयांचा अभ्यास करून एकजुटीच्या ओढीने विचारच थांबतो त्या अवस्थेला नाव दिलं. आपण तिला गटभूल म्हणू. जॅनिस यांची सगळी मांडणी पुढच्या अभ्यासकांना पटलेली नाही, पण बैठकीत बसलेल्या कुणालाही ती भूल ओळखीची वाटेल.

मला त्याहून मोलाचं वाटतं ते दीड वर्षानंतरचं. ऑक्टोबर १९६२ मध्ये क्यूबातल्या क्षेपणास्त्रांचा पेच आला तेव्हा माणसं बरीचशी तीच होती, कामाची रीत बदलली होती. केनेडी काही बैठकांना मुद्दाम गैरहजर राहिले. सल्लागारांचे छोटे गट करून त्यांनी वेगवेगळे पर्याय लिहून काढले आणि एकमेकांचे तपासले. प्रत्येकाने आपल्या खात्यापलीकडच्या प्रश्नांवरही बोलायचं असं ठरलं. पहिल्या दिवशी पुढे आलेला हवाई हल्ल्याचा पर्याय मागे पडला आणि नाकेबंदीचा निवडला गेला.

तुमच्या बैठकीत याचं रूप साधं असेल. विषय मांडताना प्रमुखाने फक्त प्रश्न, मुदत आणि अडचणी सांगाव्यात. "मला तरी असं वाटतं" हे वाक्य शेवटच्या दहा मिनिटांसाठी राखून ठेवावं. पहिल्या फेरीत प्रत्येकाला दोन मिनिटं, मध्ये कुणी तोडायचं नाही. २०१० मध्ये ॲनिटा वूली आणि सहकाऱ्यांनी ६९९ माणसांना छोट्या गटांत कामं दिली, तेव्हा गटाची एकूण क्षमता त्यातल्या सर्वांत हुशार माणसावर फारशी अवलंबून दिसली नाही. बोलण्याची पाळी सर्वांना सारखी मिळते का आणि माणसं एकमेकांच्या चेहऱ्यावरचे भाव कितपत ओळखतात, या दोन गोष्टींशी तिचं जास्त जमलं.

पायरी ४ : एकट्याला ठाऊक आहे ते बाहेर काढा

गटाचा सगळा फायदा यात आहे, आणि नेमकी हीच गोष्ट गटाला जमत नाही. १९८५ मध्ये गॅरॉल्ड स्टॅसर आणि विल्यम टायटस यांनी चौघाचौघांच्या गटांना तीन उमेदवारांतून एक निवडायला दिला. सगळी माहिती सगळ्यांना दिली तेव्हा ८३ टक्के गटांनी सर्वोत्तम उमेदवार ओळखला. मग त्याच उमेदवाराचे चांगले गुण चौघांत तुकड्यातुकड्यांनी वाटले, म्हणजे चौघांनी आपापला तुकडा मांडला असता तर चित्र पूर्ण झालं असतं. आता पाव हिश्श्याहूनही कमी गटांना तो सापडला. चर्चा झाली, पण सगळ्यांना आधीच माहीत असलेल्या गोष्टींचीच.

कारण फार मानवी आहे. सगळ्यांना ठाऊक असलेलं बोललं की चार माना डोलतात, बोलणाऱ्याला बरं वाटतं. एकट्याला ठाऊक असलेलं बोललं की शांतता पसरते, आणि ती शांतता नापसंतीसारखी वाटते.

म्हणून बैठकीच्या सुरुवातीलाच कोण कशाचा जाणकार ते सर्वांसमोर सांगा: "हिशेबाचा भाग यांना ठाऊक आहे, ग्राहकांच्या तक्रारी यांनी वाचल्यात." यामुळे त्यांनी बोलणं अपेक्षित आहे हे ठरून जातं. मग एक फेरी फक्त एका प्रश्नावर घ्या: "या विषयातलं असं काय आहे, जे बहुधा तुम्हालाच माहीत आहे?" या फेरीत कुणी पसंती सांगायची नाही. पसंती आधी जाहीर झाली की माहिती वकिलासारखी निवडून सांगितली जाते. आणि सांगितलेला नवा मुद्दा फळ्यावर लिहा. बोललेला नवा मुद्दा हवेत विरतो. लिहिलेल्याला कुणीतरी उत्तर द्यावं लागतं.

पायरी ५ : 'नाही' म्हणणाऱ्याला सोबत द्या

पुन्हा ॲशकडे जाऊ, कारण त्याच्या प्रयोगातला सर्वांत आशेचा भाग फारसा सांगितला जात नाही. गटातल्या एकाच माणसाने खरं उत्तर दिलं, की सहभागी माणसाचं वाकणं ५ टक्क्यांच्या आसपास उतरलं. इतकंच नाही, त्या एकाचं उत्तर गटाहून वेगळं पण तेही चुकीचं असलं, तरी वाकणं कमी झालं. एकमताला तडा गेला की माणसं मोकळी होतात. तडा घालणाऱ्याचं म्हणणं बरोबर असावंच लागतं असं नाही. म्हणून चुकीची शंका काढणाऱ्यालाही मी मनापासून धन्यवाद देतो. त्याच्यामागे दबून बसलेला एखादा बरोबर माणूस तोंड उघडतो.

विरोधाची जागा मुद्दाम करायची तर माझ्या मते सर्वांत चांगली रीत गॅरी क्लाइन यांची आहे. निर्णय जवळपास ठरला की म्हणायचं: "समजा, एक वर्ष उलटलं आहे आणि हे काम पुरतं फसलं आहे. का फसलं ते पाच मिनिटांत लिहा." प्रश्न असा फिरवला की शंका काढणारा आता अडवणारा राहत नाही, दिलेलं काम करणारा ठरतो. त्या फसलेल्या ठरावानंतर मी हे प्रत्येक मोठ्या निर्णयाआधी करतो. ज्या बैठकीत "हरकत?" विचारल्यावर शून्य उत्तरं येतात, तिथेच या प्रश्नाला वीस कारणं येतात.

एखाद्याला नेमून विरोध करायला लावण्याची पद्धतही आहे, पण तिच्यावर माझा भरवसा कमी. शार्लन नेमेथ यांच्या प्रयोगांत नेमलेल्या विरोधकापेक्षा खरोखर वेगळं मत असलेल्या माणसामुळे गटाने अधिक नवा विचार केल्याचं दिसलं. नेमलेला विरोधक भूमिका वठवतोय हे सगळ्यांना कळतं. खरा विरोधक शोधा. तो बहुतेक वेळा खोलीत असतोच.

आणि शंका आली की सिद्ध करण्याचं ओझं कुणावर पडतंय, ते पाहा. २७ जानेवारी १९८६ च्या रात्री अमेरिकेच्या 'चॅलेंजर' अंतराळयानाच्या उड्डाणाआधी नासा आणि रॉकेटचे भाग बनवणारी कंपनी यांची दूरध्वनीवर बैठक झाली. कंपनीच्या अभियंत्यांनी थंडीत रबरी कड्या नीट काम करणार नाहीत म्हणून ५३ अंश फॅरनहाइटखाली उड्डाण नको असं सांगितलं. त्यावर नासाच्या अधिकाऱ्यांनी नाराजी व्यक्त केली. कंपनीच्या व्यवस्थापकांनी आपापसात बोलण्यासाठी वेळ मागून घेतला. तिथे अभियांत्रिकी विभागाच्या उपाध्यक्षाला सांगण्यात आलं, की आता अभियंत्याची टोपी काढून व्यवस्थापकाची घाल. मत फक्त व्यवस्थापकांचं घेतलं गेलं. दुसऱ्या दिवशी उड्डाणानंतर ७३ सेकंदांनी यान फुटलं आणि सात अंतराळवीर गेले. उड्डाण सुरक्षित आहे हे दाखवण्याऐवजी ते असुरक्षित आहे हे सिद्ध करा, असा प्रश्न त्या रात्री उलटला होता. धोक्याच्या प्रत्येक निर्णयात हा उलटा प्रश्न कानावर पडला की थांबा.

अल्पमतातल्या माणसासाठी एक गोष्ट. सर्ज मॉस्कोविची यांच्या १९६९ च्या प्रयोगात सहा जणांच्या गटातल्या दोघांनी निळ्या चित्रपट्टीला सतत हिरवी म्हटलं, तेव्हा बाकीच्यांची सुमारे ८ टक्के उत्तरं हिरवीकडे वळली. त्याच दोघांनी कधी हिरवी कधी निळी म्हटलं, तेव्हा परिणाम जवळजवळ शून्य. तुमचं म्हणणं गटाला लगेच पटणार नाही. ते तेच, शांतपणे, त्याच शब्दांत पुन्हा सांगत राहा.

पायरी ६ : एक रात्र मध्ये जाऊ द्या

सारख्या विचारांची माणसं एकत्र बोलली की ती मूळ कलाच्या दिशेने आणखी पुढे सरकतात. किंचित धाडसी गट चर्चेनंतर जास्त धाडसी होतो, किंचित सावध गट जास्त सावध. प्रत्येकाला आपल्याच बाजूची नवी कारणं ऐकायला मिळतात आणि प्रत्येकाला इतरांहून जरा अधिक निष्ठावान दिसायचं असतं. म्हणून मोठा निर्णय त्याच बैठकीत पक्का करू नका. दुसऱ्या दिवशी पुन्हा एकदा, चर्चेविना, लेखी मत घ्या. बदललं असेल तर का, ते विचारा. नोंदवहीत निर्णयाबरोबर कारण आणि विरोधी मतही लिहा.

पायरी ७ : प्रत्येक कामापुढे एक नाव

आता निर्णयाकडून कामाकडे. "आपण सगळे मिळून बघू" हे वाक्य ज्या कामाला लागलं, त्या कामाचं काय झालं ते आठवून बघा. आपल्याकडे याला बारभाई कारभार म्हणतात.

मॅक्स रिंगेलमन या फ्रेंच कृषी अभियंत्याने १९१३ मध्ये दोर ओढण्याच्या मोजमापांची माहिती प्रसिद्ध केली. एकट्याची ओढ १०० धरली, तर दोघांत दरडोई ९३, तिघांत ८५ आणि आठांत केवळ ४९. वाटेल, की पाय अडकत असतील, ताल जमत नसेल. तेही होतंच. पण १९७४ मध्ये ॲलन इंगम आणि सहकाऱ्यांनी डोळे बांधलेल्या माणसांना मागे इतर ओढतायत असं फक्त भासवलं. प्रत्यक्षात मागे ओढणारं कुणी नव्हतं. तरी जोर कमी झाला. पुढे लाताने, विल्यम्स आणि हार्किन्स यांनी हेच टाळ्या आणि आरोळ्यांत दाखवलं, आणि मग उताराही: प्रत्येकाचा आवाज वेगळा मोजला जातोय हे कळलं, की ढिलाई जवळपास नाहीशी झाली.

संकटातही हेच घडतं. जॉन डार्ली आणि बिब लाताने यांच्या १९६८ च्या प्रयोगात, दुसऱ्या खोलीत कुणाला झटका येतोय असं ऐकणारा माणूस आपण एकटेच ऐकतोय असं समजत असेल, तर ८५ टक्के जण मदतीला उठले. आणखी चौघं ऐकतायत असं वाटत असेल, तर ३१ टक्के. यावरून गर्दी निर्दय असते असं कुणी म्हणू नये. तीन देशांतल्या २१९ खऱ्या रस्त्यावरच्या भांडणांचं सीसीटीव्ही चित्रण नंतर तपासलं गेलं, त्यात दहापैकी नऊ प्रसंगांत निदान एक जण मध्ये पडलाच होता. माणसं मदत करतात. कुणी सुरुवात करायची, तिथे अडतं. म्हणून अपघातात "कुणीतरी रुग्णवाहिका बोलवा" असं ओरडू नका. एकाकडे बोट करा: "तुम्ही, निळा शर्ट, रुग्णवाहिकेला फोन करा आणि झाल्यावर मला सांगा."

बैठकीतही तेच. काम, एक नाव, तारीख, आणि झाल्याचं कसं कळेल. दोन नावं लिहू नका. दोन नावं म्हणजे पुष्कळदा एकही नाही. मदतनीस वेगळ्या रकान्यात लिहा.

पायरी ८ : सहकार्य आटू देऊ नका

पहिल्या महिन्यात सगळे उत्साहाने येतात, सहाव्या महिन्यात तीन जण काम ओढत असतात. याला लोकांचा आळस म्हणून मोकळं होऊ नका. अर्थशास्त्रज्ञांनी हे प्रयोगशाळेत वारंवार पाहिलं आहे. प्रत्येकाकडे थोडे पैसे, हवे तितके सामाईक पेटीत टाकायचे, पेटीतली रक्कम वाढवून सगळ्यांत सारखी वाटायची. पहिल्या फेरीत माणसं साधारण निम्मे टाकतात आणि मग फेरीगणिक प्रमाण घसरत जातं. उर्स फिशबाखर, सिमोन गेख्टर आणि एर्न्स्ट फेर यांनी २००१ मध्ये यामागची माणसं वेगळी करून पाहिली. सुमारे निम्मी 'इतर करतील तर मीही करीन' या जातीची होती, आणि सुमारे ३० टक्के फुकटात लाभ घेणारी. घसरण होते ती या निम्म्यांमुळे. ती वाईट नसतात. आपल्याला मूर्ख बनवलं जातंय असं त्यांना वाटलं, की हात आखडता घेतात.

मग टिकतं कसं? एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी हा प्रश्न आयुष्यभर खऱ्या गावांना विचारला आणि २००९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळवलं. त्यांनी अभ्यासलेल्या स्वित्झर्लंडमधल्या त्योर्बेल गावाचा १५१७ सालचा नियम मला फार आवडतो: हिवाळाभर स्वतःच्या चाऱ्यावर जेवढ्या गाई पोसता येतील, तेवढ्याच उन्हाळ्यात सामाईक कुरणावर न्यायच्या. नियम मोजता येतो, सगळ्यांना दिसतो, आणि ज्याला जास्त हवं त्याने आधी जास्त कष्ट करायचे. त्यांच्या तत्त्वांतली चार छोट्या गटाला थेट वापरता येतात. आत कोण आणि बाहेर कोण, ते स्पष्ट हवं. नियम पाळणाऱ्यांनीच नियम बनवायचे. कोण किती करतंय हे सर्वांना दिसायला हवं. आणि शिक्षा पायरीपायरीने वाढावी: पहिल्यांदा फक्त आठवण, दुसऱ्यांदा सर्वांसमोर विचारणा, पुढे हक्क कमी. पहिल्याच चुकीला हाकलणारा गट आणि दहाव्या चुकीलाही डोळेझाक करणारा गट, दोन्ही फुटतात.

दिसणं म्हणजे पाळत नव्हे. कामांचा एक सामाईक तक्ता पुरतो. इतर करतायत हे डोळ्यांना दिसलं, की त्या निम्म्यांचा हात पुन्हा सैल होतो.

गटात दोन तट पडले तर

हेन्री ताजफेल यांनी ब्रिस्टलच्या शाळकरी मुलांना ठिपके मोजण्यासारख्या क्षुल्लक निमित्ताने दोन गटांत विभागलं. मुलं एकमेकांना आधीपासून ओळखत होती, पण आपल्या गटात कोण आहे हे कुणालाच माहीत नव्हतं. तरी बक्षीस वाटताना त्यांनी आपल्या गटाला झुकतं माप दिलं; स्वतःच्या गटाला थोडं कमी मिळालं तरी चालेल, पण दुसऱ्यापेक्षा जास्त मिळावं, अशीही निवड केली. आपला तो बाब्या व्हायला एवढंसं निमित्त पुरतं.

अशा वेळी नुसतं एकत्र बसवून भागत नाही. मुझफ्फर शेरीफ यांनी १९५४ मध्ये ओक्लाहोमातल्या शिबिरात २२ मुलांचे दोन गट करून स्पर्धा लावली, वैर पेटलं. मग एकत्र जेवण, एकत्र चित्रपट करून पाहिलं. जेवणाच्या खोलीत फेकाफेकी झाली. वैर निवळलं ते पाण्याचा पुरवठा बंद पडला आणि सगळ्यांना मिळून दुरुस्तीला लागावं लागलं तेव्हा, बंद पडलेला ट्रक सगळ्यांनी मिळून ओढला तेव्हा, आणि तेही एका दिवसात नव्हे. दोन तटांना असं काम द्या, जे एकाला एकट्याने जमणारच नाही, आणि त्याचे तुकडे तटांप्रमाणे वाटू नका. प्रत्येक तुकड्यात दोन्हीकडची माणसं घाला.

तुम्ही प्रमुख नसाल तर

यातलं बरंचसं खुर्चीत न बसताही करता येतं. विरोध करायचा असेल तर बैठकीआधी एका माणसाशी बोला आणि तुमच्यासारखीच शंका त्यालाही आहे का विचारा. दोघं असलात की खोली बदलते. बोलताना ताकाला जाऊन भांडं लपवू नका. "मला काळजी वाटते ती अमुक गोष्टीची, आणि ती नाही हे पाहायला आपल्याला तमुक आकडा लागेल," इतकं नेमकं बोला. दुसऱ्या कुणी एकट्याने शंका काढली आणि खोली शांत झाली, तर तुम्हाला पटलेली नसली तरी म्हणा, "हा मुद्दा मला नीट समजून घ्यायचाय, जरा पुढे सांगा."

मी आता बैठकीच्या शेवटी "कुणाची काही हरकत?" विचारत नाही. "यातली सर्वांत कच्ची बाजू कोणती, प्रत्येकाने एक सांगा" असं म्हणतो आणि माझ्या डावीकडच्या माणसापासून सुरुवात करतो. पहिल्या दोन बैठकांत उत्तरं गुळमुळीत आली. तिसऱ्या बैठकीत आमच्या गटातल्या सर्वांत नव्या मुलीने एक आकडा चुकल्याचं दाखवलं, आणि आम्ही तो ठराव परत घेतला.